काकूंना ऐकू जाणारा हॉर्न

आमच्या भागात सर्वांत मोठा हॉर्न ज्या गाडीला होता, ती गाडी रस्त्यावर कधी वाजली नाही. गाडी माझ्या घरमालकांची. सिडकोतल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्यानं राहिले आणि सहा वर्षं त्यांना काका म्हणत आले. तसे ते पाहताक्षणी काका म्हणावं असे नव्हते. मी शाळेत शिकवते, त्यामुळं भेटेल त्या माणसाला मनातल्या मनात गुण देण्याची मला खोड आहे. पहिल्या दिवशी मी काकांना जेमतेम पास केलं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. मी खोल्या बघायला गेले तेव्हा त्यांनी मला खोल्या दाखवल्याच नाहीत, बटणं दाखवली. प्रत्येक बटणाखाली त्यांनी स्वतःच्या हातानं काळ्या शाईत लिहून ठेवलं होतं. ‘पंखा. दोनवर पुरतो.’ ‘ट्यूब. उगीच लावू नये.’ जिन्यातल्या एका बटणाखाली लिहिलं होतं, ‘हे कशाचंच नाही. दाबू नये.’ ते बटण मी सहा वर्षं येता-जाता दाबत राहिले. काही झालं नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात काकांनी सारी नोकरी विजेच्या दुरुस्तीत काढली होती. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी सात वाजता त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून शेताकडं निघायचे. अजिंठ्याच्या रस्त्याला त्यांचं गाव होतं, तिथं भावकीत वाटून आलेली थोडी जमीन होती. संध्याकाळी पाच ते सहाच्या मधे कधीतरी परत. गावातल्या मोटारी, स्टार्टर, पिठाच्या गिरण्या, काय काय बिघडलेलं असे ते दुरुस्त करून यायचे. स्वतःच्या वस्तूला मात्र त्यांनी जन्मात दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. दुसऱ्यानं केलेलं काम म्हणजे पाहुण्याच्या घरचं जेवण, कसं झालंय ते बोलायची सोय नाही, असं त्यांचं म्हणणं.

जुनं काढून नवं काही बसवलं की जुनं ते फेकायचे नाहीत. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांची रांगच होती, आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं असे, ‘काढलं. चालू आहे.’ चालू आहे तर काढलं कशाला, असं मी एकदा विचारलं. चालू असणं आणि पुरणं या दोन गोष्टी आहेत मॅडम, असं म्हणून त्यांनी माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की जणू वर्गात मीच उठून उभी असावी.

गाडी चालवण्याचे त्यांचे नियम तर ऐकण्यासारखे होते. बसल्याबरोबर फोन बंद करून समोरच्या कप्प्यात टाकायचा. घरी पोचल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. आणि रस्त्यात हॉर्न वाजवायचा नाही. एकदा मला क्रांती चौकात काम होतं, काकाही तिकडूनच जाणार होते, म्हणून मी त्यांच्या गाडीत बसले. सिग्नल हिरवा झाला. पुढच्या गाडीतला माणूस मान खाली घालून फोनमध्ये गुंग होता. मागं सगळा चौक बोंबलत होता. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शांत बसले होते. सिग्नल पुन्हा लाल झाला. मी म्हटलं, काका, अहो नुसता एकदा वाजवायचा.

“ओळख नाय, पाळख नाय, उगं कशाला हाक मारायची माणसाला?” काका म्हणाले. “हॉर्न म्हंजे हाक असती मॅडम. ज्याला मारायची त्यालाच मारावी.”

त्यांना हाक मारायची होती ती एकाच माणसाला. ते घरी आले की गेटपुढं गाडी थांबवून हॉर्न द्यायचे आणि काकू आतून येऊन गेट उघडायच्या. डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभ्या राहायच्या, गाडी आत गेली की गेट लावायच्या. लग्नानंतर स्कूटर होती तेव्हापासूनची ही रीत. काका स्वतः उतरून गेट उघडत नसत. मला आधी हा पुरुषी तोरा वाटला आणि मी आणखी पाच गुण कापले. पुढं लक्षात आलं, की दिवसभर दोघांची जी काही भेट असायची ती एवढीच होती. बाकी वेळ काका शेतात, नाहीतर माळ्यावर.

मी राहायला गेले तेव्हा काकूंना कमी ऐकू यायचं. दोन-तीन वर्षांत जवळजवळ काहीच येईनासं झालं. त्या मानायला तयार नव्हत्या, आणि त्यांच्याहून काका. नाशिकला असलेल्या लेकीनं कानाचं यंत्र आणून दिलं होतं. काकूंनी ते चार दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. त्यातून भांड्यांचा आवाज येतो, माणसांचा नाही, असं त्या मला म्हणाल्या होत्या. लेक दर रविवारी फोनवर एकच लावून धरायची: आईला ऐकू येत नाही, गॅसवर दूध ठेवते, दिवसभर घरात एकटी असते, तुम्ही दोघं आता नाशिकला या. काका फोनवर मोठ्यानं बोलत, म्हणून त्यांची बाजू मला वर पाठ झाली होती. तिला ऐकू येतं. तिचं लक्ष नसतं. हॉर्न दिला की येती का नाय गेटवर? ज्या दिवशी हॉर्न ऐकून येणार नाय त्या दिवशी घराला कुलूप लावतो आणि येतो तुझ्याकडं.

असा तो करार झाला होता. काकूंचे कान चांगले आहेत की नाहीत हे ठरवायला डॉक्टर नको होता, गाडीचा हॉर्न होता. आणि हॉर्न वाढवणं काकांच्या हातात होतं.

गाडीबरोबर आलेला मूळ हॉर्न माळ्यावर गेला. त्याजागी तव्यासारखी चपटी जोडी आली. ती वर्षभर पुरली. मग गेटपुढं काकांना दोनदा, तीनदा, चारदा हॉर्न द्यावा लागू लागला. समोरच्या घरात एक वकील राहायचे. त्यांनी येऊन दोन गोष्टी सुनावल्या. काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि पुढच्याच रविवारी शहागंजात जाऊन गोगलगायीच्या आकाराच्या हॉर्नची थोरली जोडी घेऊन आले.

ती बसवायच्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. आत बसून बटण दाबायला माणूस हवा होता. काकूंना का नाही बसवत, असं मी विचारलं नाही. सांगितल्यावर दाबायचं, तर सांगितलेलं ऐकू यायला हवं.

काका पोर्चमध्ये पोतं अंथरून बसले होते. आधी बॅटरीची निगेटिव्हची वायर सोडवून बाजूला बांधली. समोरची जाळी उतरवली. जुनी जोडी काढली, फडक्यानं पुसली आणि डब्यात ठेवली. मला सगळं समजावत होते, मी विद्यार्थी असल्यासारखं. नवे हॉर्न करंट जास्त ओढतात, स्टिअरिंगमधून आलेली बारीक वायर तेवढा भार घेणार नाही, गरम होऊन जळेल. म्हणून बॅटरीवरून जाड वायर थेट आणायची, मधे फ्यूज घालायचा आणि एक रिले बसवायचा. बटणानं नुसता रिलेला इशारा द्यायचा, भार दुसऱ्यानं उचलायचा. हॉर्नचं तोंड खाली ठेवायचं, पावसाचं पाणी आत थांबत नाही. त्यांची बोटं त्या कामात इतकी हलकी चालत होती, की मी तेवढ्यापुरते कापलेले सगळे गुण परत दिले.

बॅटरीची वायर पुन्हा जोडून पहिल्या खेपेला दाबलं तर एकच वाजला, तोही घसा बसल्यासारखा. काका खाली वाकले. बोल्टखाली रंग राहिला होता, पत्र्याला वायर नीट भिडत नव्हती. पॉलिश पेपरच्या तुकड्यानं त्यांनी तेवढी जागा खरवडून लख्ख केली, बोल्ट आवळला आणि म्हणाले, दाबा.

मी दाबला. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उठली, वकिलांच्या खिडकीची काच थरथरली. काका हॉर्नकडं बघत नव्हते. पोर्चमधून हॉलच्या दारातून आरपार स्वयंपाकघर दिसायचं, तिकडं बघत होते. काकू पाठमोऱ्या बसून गवार मोडत होत्या. त्यांनी पुढची शेंग उचलली, मोडली, ताटात टाकली.

काकांनी बोटानं खूण केली, मी पुन्हा दाबला. काकूंनी आणखी एक शेंग उचलली.

“कामात असली की तिचं लक्ष नसतं,” काका म्हणाले आणि पाना-पक्कड गोळा करू लागले. हत्यारं ते नेहमी मोजून ठेवायचे. त्या दिवशी पोत्यासकट उचलून आत नेली.

दुपारी काका झोपल्यावर काकू धपाटे घेऊन वर आल्या. त्या कधी जिना चढत नसत. ताट खाली ठेवलं, दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात बोलू लागल्या. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं मोठ्यानं बोलतात असं मी समजत होते.

“आज त्यांनी नवा बसवला ना? मला त्यांच्या तोंडावरून कळलं,” त्या म्हणाल्या. “मला या घरातून जायचं नाय मॅडम. त्यांना तर तिथं करमणारच नाय, शेत सुटलं तर जगायचे नाय ते. तुम्ही मला एवढं करा.”

एवढं म्हणजे काय, ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. माझी मागची खोली त्यांच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर होती. हॉर्न वाजला की मी खिडकीतून दोरीला बांधलेला लाल टॉवेल खाली सोडायचा. तो त्यांच्या खिडकीपुढं येईल. पाच वाजल्यापासून त्या खिडकीकडं तोंड करून भाजी निवडत बसतील. गेटवरच का नाही बसत, असं मी कागदावर लिहून विचारलं. दारात बसलेलं त्यांना कळतं, आतून ऐकून यावं लागतं, असं काकू म्हणाल्या. मी नसेन त्या दिवशी मी आधी सांगायचं, मग त्या अंगणात झाडांना पाणी घालण्याचं निमित्त काढतील.

मी हो म्हटलं. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. उलट दोन म्हाताऱ्या माणसांचा संसार जागच्या जागी राहील, म्हणून बरंच वाटलं. शाळेत मुलांनी एकमेकांना उत्तरं सांगितली तर मी पेपर काढून घेते, इथं मीच सांगणारी झाले होते.

मंगळवारी संध्याकाळी नवा हॉर्न पहिल्यांदा गेटपुढं वाजला. मी टॉवेल सोडला आणि धावत पुढच्या गॅलरीत आले. काकू पदर सारखा करत बाहेर आल्या, कडी काढली, बाजूला उभ्या राहिल्या. काका गाडी आत घ्यायचं विसरले. काचेतून त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, त्या दिवशी पाहिलं. त्या रविवारी फोनवर लेकीला त्यांनी काय काय सुनावलं. हॉर्न दिला की दुसऱ्या मिनिटाला गेटवर हजर, आणि म्हणं कान गेले.

दोन वर्षं हे असं चाललं. सगळ्या गल्लीला त्याची सवय झाली. साडेपाचच्या सुमाराला तो हॉर्न वाजे, वकिलांच्या घरातून खिडक्या लावल्याचा आवाज येई, मग गेटची कडी. लेकीनं हळूहळू नाशिकचा विषय काढणं सोडलं. काकांनीही नवा हॉर्न शोधणं सोडलं. काकू आणि मी त्या टॉवेलाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. धपाटे मात्र आठवड्याला येत राहिले.

एप्रिलमधला शनिवार होता. शाळा सुटल्यावर मी शहागंजात गेले. मला पडद्याचं कापड घ्यायचं होतं. चारपर्यंत येते, असं सकाळीच काकूंना खुणेनं सांगितलं होतं. काका पाचच्या आत कधी आलेले नव्हते, त्यामुळं काळजी नव्हती. मी तीन दुकानं हिंडले, एकात कापड आवडलं तर रंग आवडला नाही. रसवंतीत बसून रस प्याले. एक ग्लास प्याले आणि वर आणखी अर्धा मागितला. हे सगळं मला का सांगावंसं वाटतं कोण जाणे, पण त्या अर्ध्या ग्लासाला लागलेला वेळ मी अजून मनात मोजते.

रिक्षातून उतरले तेव्हा चार वाजून गेले होते. गाडी गेटपुढं उभी होती. इंजिन चालू होतं. काका स्टिअरिंगवर पुढं झुकले होते, एक हात हॉर्नच्या बटणाजवळ होता. गेट बंद होतं.

मी ओरडले तसे वकील बाहेर आले. त्यांनी आणि मी मिळून काकांना मागच्या सीटवर घेतलं. शर्ट घामानं भिजला होता, डोळे अर्धवट उघडे होते. फोन कप्प्यात होता, बंद केलेला. मी गेटची कडी काढून आत पळाले. काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. माझी सावली पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडं नाही, खिडकीकडं पाहिलं.

“टॉवेल नाय आला,” त्या म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखायला लागून किती वेळ झाला होता. ते कुणालाच सांगता येईना. गावातून ते दुपारी जेवण न करताच निघाले होते, एवढंच नंतर कळलं. वकील बाकावर माझ्याशेजारी बसले होते. पुढं बरेच दिवस ते स्वतःशी बोलत असल्यासारखं हेच बोलत राहिले, पण पहिल्यांदा बोलले ते तिथं. “वाजत होता हो. लई वेळ वाजत होता. मधे मधे थांबायचा, पुन्हा वाजायचा. आम्हाला वाटलं, रोजचंच आहे. ऊन लई होतं, खिडक्या बंदच होत्या.” त्यांना काही म्हणण्याचा मला अधिकारच नव्हता. ते निदान घरी होते.

काकांना उतरता आलं नाही, की त्यांना उतरायचंच नव्हतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. हॉर्न दिला की ती येते, हे त्यांनी दोन वर्षं रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा माणसानं दुसऱ्या कुणाला कशाला हाक मारावी? त्यांनी ज्याला मारायची त्यालाच मारली. ती ऐकू जाणार नाही हे गल्लीत दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यातली एक भाजी निवडत होती आणि दुसरी रस पीत होती.

तेराव्यानंतर लेकीनं घर आवरायला काढलं. काकू आता नाशिकला जाणार होत्या. गाडी गावाकडचा पुतण्या न्यायला येणार होता, त्यानं कुणालातरी पाठवून बॅटरी भरून घेतली होती. माळ्यावरचे डबे खाली काढायला मी मदत केली. हॉर्नचे डबे एकाशेजारी एक होते. पहिल्यावर लिहिलं होतं, ‘काढला. चालू आहे. हिला पुरत नाही.’ दुसऱ्यावर, ‘काढला. चालू आहे. हिला ऐकू येत नाही.’ फोनवर लेकीला कधी न बोललेलं वाक्य त्यांनी चिकटपट्टीवर लिहून माळ्यावर ठेवलं होतं. म्हणजे त्यांना कळलेलं होतं. नव्या जोडीचं रिकामं खोकंही त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यावरची शाई डब्यांवरच्या शाईपेक्षा ताजी दिसत होती. ‘बसवला. हिला ऐकू येतो.’

ते अक्षर खोटं लिहिणाऱ्या माणसाचं नव्हतं. त्यांना ते खरं वाटलं होतं, आणि ते खरं वाटायला लावणारी मी होते. मी टॉवेल सोडला नसता तर त्या मंगळवारीच त्यांना उत्तर मिळालं असतं. ते चिडले असते, खचले असते, चार दिवस जेवले नसते. पण हॉर्नच्या भरवशावर न बसता स्वतः उतरून गेट उघडायला लागले असते, नाहीतर नाशिकच्या घरात कुरकुर करत जिवंत असते. त्या खोक्याकडं मी बघत राहिले तेव्हा काकू माझ्यामागं उभ्या होत्या. त्यांना वाचता येत होतं.

त्यांनी माझा दंड धरला आणि मला पोर्चमध्ये नेलं. ड्रायव्हरच्या सीटकडं बोट दाखवलं. मी बसले. किल्ली लावलेलीच होती. काकू गाडीच्या पुढं गेल्या, डोक्यावर पदर घेतला आणि बॉनेटवर दोन्ही तळहात पसरून ठेवले. मग माझ्याकडं बघून मान हलवली.

मी हॉर्न दाबला. बंद पोर्चमध्ये तो आवाज भिंतींवर आदळला. काकूंचे हात दचकून उचलले गेले. त्यांनी ते पुन्हा टेकवले आणि मी पुन्हा दाबला. लेक आतून धावत बाहेर आली, समोर वकिलांनी दार उघडलं, पलीकडच्या घरातली माणसं आपापल्या गेटवर येऊन उभी राहिली. त्या दिवशी सगळी गल्ली बाहेर आली.

“एवढा मोठा होता व्हय?” काकू म्हणाल्या.

मी बटणावरचा हात काढला. काकूंनी बॉनेटवरचे हात उचलून पदराला पुसले. मग त्या चालत गेटपाशी गेल्या, कडी काढली, दोन्ही दारं पूर्ण उघडली आणि रस्त्याकडं तोंड करून, गाडीला आत यायला वाट सोडून, बाजूला उभ्या राहिल्या.